गोषवाऱ्यातून गळलेलं कुलूप

अकराशे पानांची कादंबरी तीन दिवसांत पंचवीस पानांत कोंबायला सांगितली, तर तुम्ही आधी कोणाचा बळी दिला असता?

विल्मा ट्रेगरनं कुलपाचा दिला. सदतीस साली हॉलिवूडच्या एका बड्या स्टुडिओत ती जाडजूड कादंबऱ्या वाचून गोषवारे लिहायची. शिक्षण आठवीपर्यंत, पण वाचनाचा सपाटा असा की कॉलेजवाले तोंडात बोटं घालत. निर्माता पुस्तक उघडत नसे, पटकथाकाराला ते दिसतही नसे. सगळा डोलारा विल्माच्या पंचवीस पानांवर.

ही कादंबरी गिरणीच्या गावाची, तीन पिढ्यांची. मध्यावर गिरणी पेटते. मालकानं बाहेरून कुलूप घातलेलं, म्हणून चाळीस बायका आत मरतात. विल्माची स्वतःची आईही अशाच एका गिरणीत झिजून गेली होती. ते पान तिनं दोनदा वाचलं. पण विभागप्रमुख लॅथ्रॉप म्हणाला, "ट्रेगरबाई, आग झकास आहे. कुलूप तेवढं काढा. मालकाची निंदा आमच्या साहेबांना पचत नाही."

नोकरीच्या धास्तीनं तिनं टाइपरायटरवर ओळ बडवली: 'दिवा कलंडला, गिरणी पेटली.' खाली सही ठोकली: 'गोषवारा मुळाबरहुकूम.'

ती ओळ तिला खात राहिली. गोषवाऱ्यावरून पटकथा झाली, चित्रीकरण सुरू झालं. आग शनिवारी चित्रित व्हायची होती. जुने सेट जाळायचे, तेही एकदाच. शुक्रवारी पुस्तक काखोटीला मारून ती पटकथाकार क्विलकडे थडकली.

"अहो, दाराला कुलूप होतं!"

"कोणत्या दाराला?"

"तुम्ही उघडं ठेवलंय त्या."

क्विलनं पुस्तक हातात तोललं. "बाप रे! मला वाटलं, तुमची पंचवीस पानं म्हणजेच कादंबरी."

"सहाशे बारावं पान वाचा."

वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. "बाई, नायक आत शिरून नायिकेला उचलून आणतो. कुलूप घातलं तर तो शिरणार कसा?"

"नाहीच शिरणार! कोणीच शिरलं नव्हतं!"

"मग लॅथ्रॉपला सांगा. पण खाली सही तुमचीच आहे ना?"

विल्माच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. तशीच ती लॅथ्रॉपपुढे जाऊन उभी राहिली. "सही खोटी आहे. गोषवारा बदलायचाय."

"खोटं लिहिलंत म्हणून काढू, की आता खरं बोलताय म्हणून?"

"दोन्हीसाठी काढा. पण कुलूप घाला."

त्यानं अर्धंच ऐकलं. तिला काढलं.

शनिवारी उघड्या दाराची गिरणी धडाधडा जळली. विल्मानं स्टुडिओच्या भिंतीबाहेरून नुसता धूर पाहिला.

आता चित्रपट दोन महिने तुडुंब चाललाय. नायिका सुखरूप बाहेर आली की लोक डोळे पुसतात. विल्मा संध्याकाळी थिएटरबाहेर उभी असते. हातात त्या पानाच्या प्रती, वर स्वतःची कबुली: 'हे मी गाळलं.' कोणी तिला लाल, कम्युनिस्ट म्हणतं, कोणी म्हणतं, "बाई, मजा किरकिरी करू नका."

तुम्ही त्या रांगेत असाल, तर तिच्या हातचा कागद घ्या. फेकायचाच असेल, तर वाचून फेका.