चेरीला फिट आली तेव्हा

टेबलावर ठेवता ठेवताच चेरीला परत फिट आली. चारही पाय ताठ, मान मागे वळलेली, तोंडाला फेस आणि खाली लघवीचं तळं. ती टेबलावरून पडू नये म्हणून मी दोन्ही बाजूंनी हात आडवे लावून उभी होते. दाबून धरलं नव्हतं हं. फिट आलेल्या कुत्र्याला कधी दाबायचं नाही. आत मेंदूत शॉर्टसर्किट झालेलं असतं, ते आपल्या जोराने थोडंच थांबतंय?

मी अंबरनाथ पूर्वेला प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. शाळा म्हणाल तर सातवी. झाडू मारायला म्हणून लागले आणि डॉक्टर मॅडमच्या हाताखाली मांजरं धरायला, सलाईनची बाटली लावायला शिकले. सगळे मावशीच म्हणतात.

चेरी म्हणजे पांढरी, केसाळ, मांडीत मावेल एवढी. मालकीण प्राजक्ता, उल्हासनगरची पोर, लग्न होऊन बारवी धरणाकडच्या एका गावात गेलेली. माहेरून कपाट आलं, भांडी आली, तशी चेरीपण आली. आज बरोबर नवरा नीलेश होता आणि सासूबाई. सासूबाई काही आत आल्या नाहीत. डोक्यावर पदर घेऊन बाहेर बाकड्यावर बसल्या.

नीलेशच्या बोटाला रुमाल बांधलेला, तो रक्ताने भिजलेला. घरी फिट आली तेव्हा कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. आपल्याकडे माणसाला हेच करतात ना, मग कुत्र्यालाही तेच. दातखीळ बसू नये म्हणून नीलेशने तोंडात चमचा घातला, तर तिने चमचा सोडून बोट धरलं. त्या वेळी तिला काय कळत होतं? पण शेजाऱ्यांनी लगेच ठरवून टाकलं, फेस येतोय, चावलंय, म्हणजे कुत्रं पिसाळलं. एकाने तर काठीही आणली होती. तिथून तिला टॉवेलात गुंडाळून यांनी रिक्षात घातलं.

मॅडमनी शिरेत इंजेक्शन दिलं. झटका थांबला. आम्ही श्वास सोडतोय न सोडतोय तोच पायांची थरथर पुन्हा सुरू. मॅडमचा चेहरा मला वाचता येतो. हळूच म्हणाल्या, "मावशी, डबल ग्लोव्हज घाला. लस दिलेली आहे, मला रेबीज वाटत नाहीये. पण चावलंय, तर सांभाळूनच."

नीलेशला त्यांनी जखम नळाखाली साबणाने बराच वेळ धुवायला लावली आणि इंजेक्शनसाठी सरकारी दवाखान्यात पिटाळलं. मग प्राजक्ताला प्रश्न. पडली होती का? उंदराचं औषध खाल्लं? शेतात फवारणी झाली? ती सगळ्याला नाही म्हणत होती. सकाळी बदलापूरला कामावर निघाली तेव्हा चेरी चांगली खेळत होती. नीलेशचा फोन आला तशी ती वाटेतच रिक्षात चढली होती.

कारण कळल्याशिवाय फिट थांबवणं म्हणजे गॅस चालू ठेवून उतू जाणाऱ्या दुधावर फुंकर मारण्यासारखं. मॅडमनी परत विचारलं, सकाळपासून घरात कोण होतं?

प्राजक्ता म्हणाली, "आई होत्या. त्यांनाच विचारा. त्यांना ती घरात नकोच होती." आणि रडायला लागली.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर गेले. एकदम विषयावर यायचं नाही, हे मला माहीत. म्हशी किती, दूध कुठे घालता, गुडघे दुखतात का, असं विचारत बसले. आत कुत्रं तडफडतंय आणि बाहेर मी म्हशींच्या गप्पा मारतेय, माझं मलाच कसंतरी होत होतं. सासूबाई पाणी काही प्यायल्या नाहीत.

"मरंल का हो ती?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, माहीत नाही. का होतंय तेच कळत नाहीये.

मग त्यांनी हळूच सांगितलं. चेरीच्या कानामागे गोचिडी झाल्या होत्या. सून दमून येते, तिला कुठे सांगा, म्हणून यांनी म्हशींचं गोचिडाचं औषध काढलं.

"पाण्यात किती घातलं?" मी विचारलं.

"पाणी कशाला? म्हशीला बादलीत झाकणभर टाकतो. ही एवढीशी. हिला बादली कशाला लागतीय? कापसानं लावलं तसंच, सगळ्या अंगाला." मग माझा हात धरून म्हणाल्या, "सुनेला नका सांगू ताई. म्हणंल, मुद्दाम केलं."

मी म्हटलं, "तिला नाही सांगत. पण डॉक्टरला सांगणार, आणि ती डॉक्टरच्या शेजारीच उभी आहे."

आत जाऊन सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, म्हणजे औषध अजून अंगावरच आहे, कातडीतून आत जातंय आणि वर हिने चाटलंही असेल. थरथर जरा कमी होऊ दे, मग लगेच धुवायचं. भांड्यांचा साबण काढा, कोमट पाणी काढा. मॅडम सलाईन सांभाळणार, मी डोकं धरणार, प्राजक्ता साबण लावणार. मागचे पाय धरायला कोणीच नाही.

प्राजक्ता पांढरीफटक पडली होती. दाराकडे बघत राहिली. मला वाटलं, आता भडका उडतो.

"आई," तिने हाक मारली, "आत या. पाय धरा तिचे."

सासूबाई आल्या. त्यांनाही ग्लोव्हज दिले. पदर खोचून त्यांनी पाय धरले ते असे, की म्हशीचं रेडकूच धरलंय. मध्येच म्हणाल्या, "काखेत राहिलं बघ." प्राजक्ता खेकसली, "बघतेय ना." ते खेकसणं ऐकून मला बरं वाटलं. परक्या माणसावर कोणी असं खेकसत नाही.

दुपारी अजून एक झटका आला, पण छोटा. संध्याकाळी चेरी उठली, भिंतीला धडकली आणि पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी घरी गेली, सासूबाईंच्या मांडीवर, कारण प्राजक्ताला कामावर जायचं होतं.

तर फिट आली की चमचा नको, चप्पल नको, कांदा नको. तोंडाजवळ हात नको. आजूबाजूचं सामान सरकवा, थांबली की गाडीत घाला आणि घेऊन या. आणि अंगाला काय लावलं असेल ते दारातच सांगा. कोणी रागावणार नाही. म्हणजे मॅडम रागावतात, पण इंजेक्शन आधी देतात.