बर्फीची उष्णता

"मॅडम, एक इंजेक्शन देऊन टाका. तिचेही हाल संपतील आणि आमचेही."

हे बोलणारे गृहस्थ कुत्रीचे मालक नव्हते. ते होते मालकांच्या सोसायटीचे चेअरमन. मालक, म्हणजे गंगुर्डे नाना, त्यांच्या मागे खाली मान घालून उभे होते. पंचवटीत माझा जनावरांचा दवाखाना आहे आणि बरीच वर्षं मी तो चालवते आहे. कुत्रं मारून टाका म्हणून शेजारी पुढाकार घेऊन आलेला मात्र मी पहिल्यांदाच पाहत होते. माझं डोकं तिथेच फिरलं.

कुत्री लॅब्राडोर. नाव बर्फी. एके काळी पांढरी-पिवळी असणार, पण आता अंगावर केस असे नव्हतेच फारसे. दोन्ही कुशी उघड्या पडलेल्या, कातडी काळपट, शेपटी दोरीसारखी. अंगाने मात्र चांगली फुगलेली. त्यात अंगभर तेल चोपडलेलं.

"हे तेल कसलं, नाना?"

"खोबऱ्याचं हाय. कापूर घालून. दवाखान्यात आणायची म्हणून जरा चापूनचोपून आणली."

मुलगी दाखवायला नेल्यासारखी कुत्री दवाखान्यात आणणारे पुष्कळ भेटतात. शाम्पू काय, पावडर काय, अत्तरसुद्धा. आम्हाला जे बघायचं असतं तेच नेमकं धुऊन-पुसून येतं. शिवाय कापूर कुत्र्याने चाटला तर तो विषासारखा बाधतो. मी आधी बर्फीला साबणाने पुसून काढलं आणि नानांवर जरा जोरातच ओरडले. बिचारे "नाय घालणार, नाय घालणार" म्हणत राहिले.

"सोसायटीत लहान मुलं आहेत," चेअरमन घड्याळ बघत म्हणाले. "खरूज आहे ही. सरळ दिसतंय. मीटिंगमध्ये सगळ्यांचं एकमत झालं. कुत्री गेली पाहिजे नाहीतर यांनी फ्लॅट सोडला पाहिजे. आम्ही तर माणुसकीनं विचार केला, रस्त्यावर सोडण्यापेक्षा इंजेक्शन बरं."

"खरूज आहे हे कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? दिसतंय ना!"

नानांचं चांदवडला किराणा दुकान होतं. बायको गेल्यावर दुकान भावाकडे देऊन ते नाशिकला मुलाकडे आले, बर्फीला घेऊन. मुलगा-सून दोघंही अंबडला कंपनीत. दिवसभर घरात नाना आणि बर्फी, एवढीच माणसं. हो, माणसंच म्हणते मी. मुलाने सांगून टाकलं होतं की सोसायटीशी भांडण नको, तुम्हीच काय ते बघा. म्हणून नाना आले होते. सही कुठे करायची, एवढंच त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, सही नंतर. आधी तपासू द्या.

जनावराच्या अंगावरचे केस बघून आम्हाला निम्मा आजार कळतो. त्यात जादू काही नाही. घरात ओढाताण सुरू झाली की आधी रंगरंगोटी थांबते, तसंच शरीराचं आहे. आत काही बिनसलं की शरीर आधी केसांचा पुरवठा तोडतं. मग चकाकी जाते, केस राठ होतात, गळतात. खरूज असेल तर कुत्रं खाजवून खाजवून जीव नकोसा करून घेतं. जखमा होतात. बर्फीच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. आणि केस गेले होते ते दोन्ही कुशींवर अगदी सारखे, आरशात बघावं तसे. खरजेचे किडे डावी-उजवी बाजू मोजून खात नाहीत. दोन्हीकडे सारखं गेलं, खाज नाही, म्हणजे शंका आतल्या ग्रंथींची.

"खाजवते का ही?"

"नाय मॅडम. झोपूनच असती. लय गरमी हाय तिच्या अंगात."

उष्णता! आपल्याकडे केस गळाले की उष्णता, तोंड आलं की उष्णता, कुत्र्याचं नाक कोरडं पडलं तरी उष्णता. नानांनी या उष्णतेवर सगळे उपाय केले होते. अंडं गरम म्हणून बंद. चिकन बंद. सब्जा, ताक, दहीभात सुरू. रोज गार पाण्याने आंघोळ. कूलर तिच्या तोंडावर. आणि गेला उन्हाळा लागताच एका पेट सलूनमध्ये नेऊन अंगावरचे सगळे केस मशीनने काढून आणलेले.

"मग केस परत आले?"

"तेच तर नाय ना आले."

आता मला त्या सलूनवाल्याचा राग आला. लॅब्राडोरचे केस असे मुळापासून काढायचे नसतात. ऊन असो वा थंडी, तेच तिचं पांघरूण असतं. आणि काढलेले केस महिनोन् महिने उगवत नाहीत, हे बघून तरी सलूनवाल्याने डॉक्टरकडे पाठवायचं! त्याने काय केलं? केस वाढवायचा शाम्पू दिला.

"दिवसभर कुठे झोपते ही?"

नाना ओशाळले. "गच्चीवर जाती वो. भर दुपारी, तापल्याल्या फरशीवर. मी वढून आणतो, कूलरपुढं बसवतो. परत जाती. लय हट्टी झालीय."

"बघा," चेअरमन म्हणाले, "गच्ची लहान मुलांची आहे, आणि ही तिथे..."

"थांबा जरा!" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, चढू दिला. "मे महिन्यात, भर दुपारी, नाशिकच्या उन्हात जे जनावर तापलेली फरशी शोधत जातं, त्याच्या अंगात उष्णता असते की थंडी वाजते? तुम्हीच सांगा."

मी थर्मामीटर दाखवला. पारा असायला हवा त्याच्या खालीच होता. छातीचे ठोके सावकाश. या कुत्रीला थंडी वाजत होती आणि आपण सगळे मिळून तिच्या अंगावर गार पाणी ओतत होतो. ती बिचारी चार पायांवर चालत जाऊन आपलं औषध स्वतःच शोधत होती. तिला आपण हट्टी म्हणत होतो. मला तेव्हा खरंच वाईट वाटलं.

कातडी खरवडून मी काच मायक्रोस्कोपखाली लावली आणि चेअरमनसाहेबांनाच बघायला बसवलं. "किडा दिसला तर सांगा." त्यांनी बराच वेळ बघितलं. किडा नव्हता. बुरशीसाठीही तपासलं, तीही नव्हती. रक्त काढून थायरॉइडच्या तपासणीला पाठवलं. "लागण होणारं यात काही दिसत नाही," मी म्हटलं, "रिपोर्ट येईपर्यंत हिला कोणी घराबाहेर काढायचं नाही. आणि ते इंजेक्शन मी देणार नाही. आजही नाही, नंतरही नाही."

नानांनी बर्फीच्या डोक्यावर हात ठेवला.

रिपोर्ट माझ्या अंदाजाप्रमाणेच आला. थायरॉइडची ग्रंथी जवळजवळ बंद. चेअरमनसाहेबांना मी स्वतः फोन केला.

"थायरॉइड? कुत्र्याला?"

"हो. तुमच्याकडे कोणाला आहे का?"

"मिसेसना आहे. रोज गोळी घेते."

"मग त्यांना फ्लॅट सोडायला सांगितलं का मीटिंगनं?"

ते माझ्यावर भडकले. भडकू देत. लहान मुलांची काळजी होती तर एक चाचणी करून या म्हणायला काय हरकत होती? चाचणी कोणालाच नको होती. कुत्री नकोशी दिसत होती, एवढंच कारण होतं. दिसण्यावरून एका म्हाताऱ्या माणसाकडून त्याची सोबत काढून घ्यायला निघाले होते, आणि त्याला माणुसकी म्हणत होते. आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

गोळी तीच, माणसांची असते तीच, पण कुत्र्याचा डोस फार वेगळा असतो. घरातल्या कोणाची उचलून द्यायची नाही, हे नानांना पुन्हा पुन्हा बजावलं. अंडं सुरू, कूलर बंद, तेल बंद. आधी बर्फीच्या डोळ्यांत जान आली, मग ती जिने चढू लागली. केस सगळ्यात शेवटी आले. पावसाळ्यात पाठीवर मऊ लव दिसली आणि दिवाळीला नाना तिला घेऊन आले तेव्हा मी दारातूनच हाक मारली. दुधाच्या बर्फीचा रंग म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. तेल नाही, पावडर नाही, आणि अंग नुसतं चकाकत होतं.

"मॅडम, आता ती गच्चीवर जातच नाय," नाना म्हणाले. "माझ्या खाटंखाली झोपती."

मग त्यांनी जरा घाबरतच खिशातून मोबाईल काढला. चेअरमनसाहेबांचा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज होता. गंगुर्डे यांच्या कुत्रीचे केस जिन्यात पडत आहेत, तरी योग्य ती दखल घ्यावी.

लॅब्राडोरचे केस गळतातच. निरोगी असेल तर जास्तच.

"काय उत्तर देऊ?" नानांनी विचारलं.

मी म्हटलं, "झाडू घ्या आणि रोज जिना झाडा. आणि ग्रुपवर लिहा, केस जिन्यात पडायला आधी अंगावर असावे लागतात."