तीन घरांतली बंदूक

ते प्रकरण आठवलं की आजही मला स्वतःचाच राग येतो. पालीच्या पलीकडच्या एका वाडीतून आमच्या पोलीस ठाण्यात खबर आली की, रानात कड्यावरून पडून एक शेतकरी दगावला. अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. दुपारी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला, "पडून मेला म्हणता, मग छातीत छर्रे कसे?"

डुकरं उभं भात लोळवतात म्हणून वाड्यांमध्ये ठासणीच्या बंदुका असतात. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका आम्ही जमा करून घेतो. बिनपरवान्याची कोण शहाणा आणून देणार?

मयतासोबत त्याचा चुलतभाऊ रानात गेला होता. झडतीत त्याच्या पडवीत लोखंडी नळी सापडली आणि शेजाऱ्याकडे चाप. चुलतभाऊ बिनधास्त म्हणाला, "सायेब, सुटी केली की ती बंदूक न्हाय ऱ्हात. ही नुसती नळी हाय."

मी शस्त्र कायदाच वाचून दाखवला. सुटा भागही अग्निशस्त्रच, आणि त्याचा जोडीचा भाग दुसऱ्याच्या घरात असला तरी सुटका नाही. शेजारी हात जोडून गयावया करू लागला. चुलतभाऊ मात्र ढिम्म. "आमी दोघा भावांनी बारच काढला न्हाय," एवढंच तो घोकत राहिला.

तिसऱ्या दिवशी मयताची बायको ठाण्यात आली. गोणपाटात गुंडाळलेला लाकडी दस्ता तिने टेबलावर ठेवला. बंदूक तिघांची होती आणि दस्ता तिच्या घरी असायचा. ताब्यात बसवलेल्या त्या चुलत दिराकडे बघत ती म्हणाली, "सकाळी ह्ये दस्ता घेऊन ग्येले. ह्ये तर मरून आले. मंग दस्ता माळ्यावर कोनी ठेवलान?"

तिथे तो खचला. झुडूप हललं, डुक्कर समजून त्याने बार काढला होता. "अर्धा तास जिता व्हता, सायेब. दवाखान्यात न्येला असता तर बंदूक उघडी पडली असती." म्हणून भावाच्या उशाशी बसून त्याने आधी बंदूक सुटी केली.

तिने एवढंच विचारलं, "पानी मागलानी काय रं?"



कायद्याने तीही अडकली असती. दस्ता स्वतः हजर केला म्हणून सरकारी वकिलांच्या सल्ल्याने तिला साक्षीदार केलं. दोघांवर दोषारोपपत्र गेलं, मला शाबासकी मिळाली. ती घेताना लाज वाटली. बंदुकीची व्याख्या मी त्या वाडीला शिकवली ती झडतीच्या दिवशी. त्याआधी परवान्यासाठी तिथे एकदाही सभा घेतली नव्हती. नंतर प्रत्येक वाडीत मी स्वतः गेलो आणि पहिलं वाक्य हेच बोललो, "माणूस जखमी झाला तर आधी दवाखान्यात न्या, बंदुकीचं मागाहून बघू." हे वाक्य मला सुचायला एका माणसाचा जीव जावा लागला.