आधी पिन, मग पाय

या गं पोरींनो, जवळ सरका. दाराशी उभं राहून ‘अक्का, बऱ्या आहात ना’ विचारायचं आणि उत्तर यायच्या आत चपला शोधायच्या, हे कुठं शिकलात? सिस्टरांनी तर नव्हतं शिकवलं. त्यांच्या दहाव्याला सगळ्या आलात. भुसावळहून आलात, पाचोऱ्याहून आलात, धरणगावची तर ड्यूटी बदलून आली. रडलात. आणि चारची एसटी गाठायची म्हणून अर्धा अर्धा चहा तसाच ठेवून उठलात. मी बसले कप गोळा करत... त्याला आता पाच आठवडे झाले. म्हणून हे पेपरात लिहायला घेतलं. पेपर तरी शेवटपर्यंत वाचाल.

ज्यांना इंदू सिस्टर ठाऊक नाहीत त्यांना सांगते. धुळ्यातल्या एका दवाखान्यात त्या बायकांच्या वॉर्डाच्या सिस्टर होत्या आणि नर्सिंगच्या मुलींना तिथंच काम शिकवायच्या. मी त्या वॉर्डातली आयाबाई. शाळा मी बाहेरूनच पाहिली. अक्षरं शिकले ती औषधाच्या बाटल्यांवरची आणि खाटांना टांगलेल्या कागदांवरची. सिस्टर कोकणातल्या, लग्न न केलेल्या. मी इथलीच, कपाळ लवकर पांढरं झालेली, मूलबाळ नसलेली. चाळीत आमच्या खोल्या शेजारी शेजारी, मध्ये एक भिंत. बावीस वर्षं ती भिंत होती म्हणून मला कधी एकटं वाटलं नाही. आता भिंत तशीच आहे. पलीकडून कपबशी वाजत नाही, एवढंच.

सन ऐंशीच्या आसपासची गोष्ट. शिरपूरकडच्या एका खेड्यातली द्वारकाबाई नावाची म्हातारी तापानं दाखल झाली होती. पंचाहत्तरीची, काटक. ताप उतरला, आणि सिस्टर तिला पहिल्यांदा उभं करणार होत्या. चार शिकाऊ मुली वह्या घेऊन बघत होत्या. सिस्टरांनी अगदी नियमानं सांगितलं, डावा हात माझ्या खांद्यावर, उजव्या हातानं खाटेचा दांडा धरा, आता उठा. म्हातारी उठली. दोन पावलं नीट टाकली. तेवढ्यात तिचे मोठे दीर, पांढरी टोपी घातलेले, भेटायला म्हणून दारात आले. म्हातारीचा दांड्यावरचा हात सुटला आणि डोक्यावरचा पदर धरायला गेला. गेली ती तशीच एका अंगावर... मांडीचं हाड मोडलं.

खाली पडल्या पडल्या ती काय म्हणाली माहितेय? “पडनू ते पडनू माय, पन पदर नही पडू दिन्हा.” कण्हत होती आणि हसत होती. त्यानंतर ती कधी चालली नाही.

सगळे म्हणाले, म्हातारीनं सांगितलेलं ऐकलं नाही. कागदावरही तसंच यायचं होतं. सिस्टरांनी पेन घेतलं आणि लिहिलं, ‘रुग्णाची चूक नाही. मला कळायला हवं होतं.’ मोठे डॉक्टर चिडले. सिस्टरांना वरच्यांची बोलणी खावी लागली. संध्याकाळी त्या कपाटामागं स्टुलावर बसून होत्या. मी चहा नेला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “सिस्टर, मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“टोपी दिसली तेव्हाच. ती दांडा सोडणार, हे मला माहीत होतं. मी पण सूनच आहे ना इथली.”

“मग बोलला का नाहीत, अक्का?”

“आयाबाईनं बोलायचं असतं का, सिस्टर शिकवत असताना?”

त्यांनी चहा खाली ठेवला. रागावतील असं वाटलं. पण त्या म्हणाल्या, “सोमवारचा तास तुम्ही घ्यायचा.” मला वाटलं थट्टा. पण सोमवारी खरंच त्यांनी मला मुलींसमोर उभं केलं! मुली खुसुखुसू हसायला लागल्या. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली शैला सगळ्यात जास्त. (शैला, वाचतेस ना?) सिस्टर तिलाच म्हणाल्या, “तूच ये गं. अक्का, हिला नऊवारी नेसवा. डोक्यावर पदर द्या.” शैला खाटेवर म्हातारी होऊन झोपली, कण्हायचं नाटक छान करत होती. तिला धरून उठवलं, दोन पावलं चालवलं, आणि मी एकदम खाकरले, “आबा आले गं!” शैलाचा हात दांडा सोडून डोक्यावर! बाकीच्यांनी धरलं म्हणून वाचली. वॉर्डातल्या म्हाताऱ्या उठून बसून हसायला लागल्या. एक म्हणाली, “आते समजनं का तुमले?” शैलाचं तोंड मात्र उतरलं होतं. ती म्हणाली, “सिस्टर, मी ठरवून नाही हो सोडला... हात आपोआप गेला.”

“तेच,” सिस्टर म्हणाल्या.

त्या दिवसापासून मलमाच्या रिकाम्या डबीत पिना भरून त्या खिशात ठेवायला लागल्या. म्हातारीला उठवायचं तर आधी पदर कानामागे पिनेनं लावायचा, मग पाय खाली सोडायचे. आधी पिन, मग पाय. मुली चिडवायच्या, ‘पिनवाल्या बाई आल्या.’ त्या मात्र पुढं पुढं जातच राहिल्या. म्हणायच्या, पदर फक्त बायकांचा, पण प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एक हात कशात तरी अडकलेला असतो. कुणाचा जानव्यात, कुणाचा सुटणाऱ्या धोतरात, कुणाचा उशीखालच्या पिशवीत. तो हात आधी मोकळा करा, मग सांगा दांडा धरायला. पुस्तकातलं सगळं त्यांना यायचं, पण खेड्यातली म्हातारी ‘बरं शे’ म्हणाली की ते बरं असतंच असं नाही, हे शिकायला त्या माझ्याजवळ बसायच्या. मी शिकवायचे आणि त्या वहीत उतरवायच्या. कोण कुणाची सिस्टर, सांगा आता!

त्या निवृत्त झाल्या, मीही झाले. रोज संध्याकाळी आम्ही चाळीच्या तीन पायऱ्या उतरून कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जायचो. खालच्या ओट्यावर घरमालक आबा बसलेले असतात. त्यांच्यासमोर मी तीस वर्षं डोक्यावर पदर घेतलाय. माझे गुडघे गेले, बोटं थरथरायला लागली, तेव्हापासून निघण्याआधी सिस्टर माझ्या पदराला पिन लावायच्या. “चला अक्का, आता पाय,” म्हणायच्या. बोलायला आम्हाला फार लागायचं नाही. त्या आमची कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी खायला शिकल्या, पण मला मासे काही खाऊ घालू शकल्या नाहीत, हेच भांडण बावीस वर्षं.

शेवटचं त्यांना पाहिलं ते दवाखान्यात. अर्धांगाचा हलका झटका होता, उजवा हात चांगला होता. एक नवी मुलगी त्यांना उठवत होती, चांगली होती बिचारी. सिस्टर काही दांडा धरेनात. मुलगी म्हणाली, “आजी, ऐकत नाही तुम्ही.” मी बघत राहिले. त्यांचा तो एकच चांगला हात तोंडावर होता. कवळी काढून वाटीत ठेवली होती ना! आयुष्यभर टापटिपीत राहिलेली बाई, बोळक्या तोंडानं माणसांसमोर कशी यावी? मी कवळी धुतली, बसवली. हात खाली आला, दांड्यावर गेला, आणि सिस्टर उभ्या राहिल्या. दोन पावलं चालल्या. मग माझ्याकडे बघून, शब्द जडावले होते तरी म्हणाल्या, “अक्का... माझीच पिन... मला नाही सापडली.” आम्ही दोघी हसलो. “कसली पिन?” त्या मुलीनं विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, या वेळी गप्प नाही बसले. तिसऱ्या दिवशी दुसरा झटका आला... चाळीत निरोप घेऊन माणूस आला तेव्हा मी त्यांच्यासाठी पेज गाळत होते.

डबी माझ्याकडे आहे. खिडकीत ठेवलीय. रोज पाच वाजले की उघडते, एक पिन काढते. बोटं थरथरतात, कानामागे दिसत नाही, दोनदा टोचून घेतलं. मग परत ठेवते. पाच आठवडे मी त्या तीन पायऱ्या उतरले नाही. आबा खालून ओरडतात, “अक्का, या की! पदराचं काय घेऊन बसलात, मला दिसतंय कुठं आता!” त्यांना दिसत नाही हो. पण माझा हात आपोआप जातो, त्याला मी काय करू? आणि पडले तर... म्हणून इथंच बसते, भिंतीला टेकून.

तर पोरींनो, रडायला येऊ नका. चहा अर्धा सोडायला तर मुळीच येऊ नका. एखादीनं सुट्टीच्या दिवशी यावं, पाचच्या आधी. डबी खिडकीत आहे. बाकी तुम्हाला शिकवलेलं आहेच. मला मारुतीपर्यंत जायचंय गं... लवकर या.