गाठींमधलं अंतर

बुडणाऱ्याला वाचवणं हे राष्ट्रकार्य आहे, असं आमच्या सोसायटीचे चेअरमन नेकनूरजवळच्या नव्या शेततळ्याच्या काठावर धोक्याचा फलक लावताना म्हणाले. दसरा तोंडावर आला होता आणि प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात थेंब नव्हता.

मागच्या बाजूला एक अनोळखी बाई जाड दोराला गाठी मारत बसली होती. प्रत्येक गाठीआधी ती लहान मुलीच्या सदऱ्याची बाही दोराला लावून अंतर मोजायची.

"तळ्यात पाणी न्हाई आन् दोर कावून गं?" शेजारचा एकजण हसला.

"पाणी येईल तवा मी ऊसतोडीला आसंन," ती म्हणाली. "लेक आजीपाशी ऱ्हाती. शेळ्या घिऊन हितंच येती. ह्या पलास्टिकवर पाय ठरत न्हाई, भाऊ."

"पण गाठी इतक्या जवळ?" मी विचारलं.

"तिचा हात पोचाया पायजे. माजा न्हाई."

मंडळी चहाकडे वळल्यावर तिनं दोराचं एक टोक धोक्याच्या फलकाच्या खांबाला बांधलं, अंगाचा सगळा भार टाकून ओढून पाहिलं आणि दुसरं टोक तळ्यात सोडलं.

परतीच्या पावसानं तळं भरलं. फलकावरची अक्षरं पुढच्या उन्हाळ्यात उडाली, दोर तेवढा राहिला. तिची लेक हल्ली त्या खांबाला शेळ्या बांधते.