सिंगापुरात इंजिन गोठत नाही

खोटं बोलायला सांगणारे साहेब मला आधीच्या नोकऱ्यांतही भेटले होते. पण माझ्या यादीला खोटं बोलायला लावणारा हा पहिलाच. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असा माझा प्रयत्नही नाही.

तेव्हा मी सिंगापुरात बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस कोऑर्डिनेटर होते. कोणती बोट कधी येणार, तिचं काय काम, कोण करणार, कधी परत जाणार, हे सगळं माझ्याकडे. रुजू झाले तेव्हा वर्कशॉपमध्ये एकही यादी नव्हती. जो तो आपल्या आठवणीवर काम करायचा आणि कुणी रजेवर गेला की त्याची आठवणही रजेवर जायची. मी पहिल्या तीन महिन्यांत प्रत्येक कामाची यादी केली, एक ओळ म्हणजे एक कृती, पुढे टिक करायला चौकोन, खाली मेकॅनिकची सही आणि त्याखाली मॅनेजरची.

इंजिनच्या कंपनीकडून आलेलं जाडजूड पुस्तक थंड देशातलं. त्यात एक अख्खं प्रकरण होतं, हिवाळ्याआधी इंजिन कसं तयार करायचं याचं. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनच्या ओतीव लोखंडी धडाच्या, दोन्ही बाजूंचे ड्रेन प्लग काढून आतलं पाणी सोडा, गाळाने भोक बुजलं असेल तर तार घालून मोकळं करा, मग अँटिफ्रीझ फिरवा, सिलिंडरमध्ये तेल फवारा, वगैरे. नाहीतर आत राहिलेल्या पाण्याचा बर्फ होतो, तो फुगतो आणि ओतीव लोखंड तडकतं. मी ते प्रकरण वाचलं, भिंतीवरच्या थर्मामीटरकडे पाहिलं, बत्तीस अंश होते. माझ्या यादीत त्या प्रकरणाच्या पाच ओळी झाल्या, त्यांच्यापुढे मी छापूनच टाकलं : लागू नाही. मॅनेजरने हसत सही केली. म्हणाला, "मॅडम, बर्फाचे गोळे खायला मिळाले तरी पुष्कळ."

आमच्याकडची पद्धत वेगळीच होती, आणि इथल्या हवेला ती बरोबरही होती. बोट समुद्रातून आली की इंजिनमधून गोडं पाणी भरपूर फिरवायचं, सगळा क्षार धुऊन काढायचा, आणि ते गोडं पाणी आतच राहू द्यायचं. खारं पाणी आत राहिलं तर लोखंड खातं. त्या धुण्याच्या कामात आमच्या वर्कशॉपमध्ये एका माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता. तो मलय होता, त्याला सगळे पाकचिक म्हणत. पाकचिक म्हणजे मलयमध्ये काका. इंजिनवर हात ठेवून ते पाणी सगळीकडे फिरतंय की नाही हे सांगायचे. तोआ पायोहला राहत, बसने येत, आणि कोणाच्याही आधी येत.

त्या वर्षी डिसेंबरात मरीन परेडच्या एका गिऱ्हाइकाने आपली बोट विकली. जॉब कार्डवर काम लिहिलेलं होतं : पूर्ण धुणे, शिपिंगसाठी तयार करणे. कार्ड मीच भरलं होतं. पाकचिकनी इंजिन धुतलं, गोडं पाणी भरलं, यादीवर एकोणीस टिका केल्या आणि सही केली. मॅनेजरने खाली सही केली. बोट जहाजावर चढली.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात फोटो आला. बोट उत्तर जपानमध्ये पोचली होती, होक्काइडोला, आणि तिथल्या यार्डात दहा दिवस उघड्यावर उभी होती. फोटोत ब्लॉकच्या कडेला वरपासून खालपर्यंत तडा होता, बोटाचं नख जाईल इतका रुंद, आणि त्यातून बर्फ बाहेर आला होता. तिथल्या मेकॅनिकने एकच ओळ लिहिली होती : आत गोडं पाणी का ठेवलं?

किती साधा प्रश्न. खारं पाणी राहिलं असतं तर ते निदान थोडं उशिरा गोठलं असतं. आम्ही इतकं निगुतीने धुतलं की गोठायला अगदी सोपं करून ठेवलं.

त्या दुपारी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. हा ठाण्याचा, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. एरवी मी मॅडम. काही वाकडं काम असलं की मी ताई होते. दार लावून घेतल्याबरोबर म्हणाला, "ताई, बसा ना."

मी उभीच राहिले.

"रीजनल ऑफिसला रिपोर्ट द्यायचाय. मी लिहिलाय, मेकॅनिकच्या निष्काळजीपणामुळे पाणी आत राहिलं. पण सोबत चेकलिस्ट लागेल."

"फाइलमध्ये आहे. स्कॅन करून देते."

"ती नको. त्यात तुमचं ते 'लागू नाही' आहे. फॉरमॅट अपडेट करा. थंडीच्या पाच ओळी टाका, पुढे चौकोन रिकामे. बाकी टिका त्यांच्या पहिल्या कागदावरून उचला, सहीपण. तारीख तीच."

मला क्षणभर वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी विचारलं, "म्हणजे पाकचिकनी त्या ओळी पाहिल्या आणि केल्या नाहीत, असं दिसेल."

"दिसू दे ना. त्यांचे बासष्ट पूर्ण होतायत मार्चमध्ये, निवृत्तीचं वय. नाहीतरी पुढचं वर्षावर्षाच्या करारावर. नाही झाला करार तर कोणाला काय? तुमचा आणि माझा इथे राहून काम करायचा पास मात्र कंपनीच्या हातात. आपण आपल्या माणसांनी एकमेकांना सांभाळायला नको?"

आपली माणसं! मला त्या शब्दाचा इतका संताप आला की कानशिलं तापली. बाकीच्या वर्कशॉपला हा कोणाची माणसं समजत होता? आणि ज्या कागदावर याची स्वतःची सही आहे त्या कागदाची नक्कल मी करायची, एका मलय मेकॅनिकची सही दुसऱ्या कागदावर चिकटवायची, आणि वर ताई म्हणवून घ्यायचं.

"मी करणार नाही," मी म्हणाले.

"विचार करा. सोमवारपर्यंत."

"सोमवारीही करणार नाही."

घरी बिशानला पोचले तर नवरा भाजी चिरत होता. मी सगळं एका दमात सांगितलं. त्याने सुरी खाली ठेवली. "तू नकली कागद करू नकोस, ते ठरलंच. पण स्वतःहून उडीही घेऊ नकोस. नाही म्हणालीस, पुरे झालं. आता त्याचं तो बघेल."

"आणि पाकचिक?"

"तू काय त्यांची वकील आहेस का?"

"यादी माझी आहे."

"मग काय फाशी जाणार का यादीसाठी? आपली मुलगी या वर्षी परीक्षेला बसतेय. तुझा पास गेला तर माझ्या एकट्याच्या पगारात या फ्लॅटचं भाडं जमतंय का, बघ जरा." मग कांदा चिरायला घेतला आणि चिरता चिरताच म्हणाला, "आणि सांगणारच असशील तर आधी त्या माणसाला सांग. तुमच्या ऑफिसात सगळं त्याच्या पाठीमागे चाललंय."

हे मला सुचलं नव्हतं, याचा मला वेगळा राग आला.

दुसऱ्या दिवशी पाकचिक जेवायच्या सुट्टीत शेडमागे उलट्या बादलीवर बसून डबा खात होते. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, त्यांच्या, शेवटी 'लाह' जोडायच्या पद्धतीच्या आणि माझ्या पद्धतीच्या. मी सांगितलं : ब्लॉक फुटला, दोष तुमच्यावर टाकतायत, मला यादी बदलायला सांगितली, मी नाही म्हटलं. मला वाटलं होतं, ते घाबरतील किंवा आभार मानतील. त्यांनी घास संपवला.

"मिस, मी विचारलं होतं, लाह."

"काय विचारलं होतं?"

"बोट कुठे जाते म्हणून. तुम्ही तिथे उभ्या होतात, फाइल घेऊन. तुम्ही म्हणालात, पाकचिक, कार्डवर लिहिलंय तेवढं करा, आज अजून दोन बोटी आहेत."

मला एका क्षणात सगळं आठवलं. हातातली फाइल, त्यांचे ओले हात, माझी घाई. हे मला आठवत नव्हतं कारण मी ते कुठे लिहिलं नव्हतं. बोट कुठे जाणार, ही ओळ माझ्या एकाही यादीत नव्हती.

"तीस वर्षांपूर्वी मी जहाजावर होतो," ते म्हणाले. "कोरियाला हिवाळ्यात गेलोय. लोखंड कसं फुटतं ते मला माहीत आहे. पण कार्डवर शिपिंग एवढंच. मला वाटलं, थायलंड असेल. इथून अर्ध्या बोटी तिकडेच जातात."

"तुम्ही पुन्हा का नाही विचारलंत?"

ते डब्याचं झाकण लावत म्हणाले, "मिस, इथे दोनदा विचारलं की म्हातारा झाला म्हणतात."

मी टेबलाशी आले आणि रीजनल ऑफिसला पत्र लिहायला बसले. पत्र एका पानाचं. जोडपत्र एक, मूळ यादी. जोडपत्र दोन, जॉब कार्ड माझ्या अक्षरात. पत्रात लिहिलं की थंडीच्या पाच ओळी मी रद्द केल्या होत्या, मॅनेजरने ते मंजूर केलं होतं, बोट कुठे जाते हे कार्डवर नव्हतं, आणि मेकॅनिकने ते विचारलं असता मी त्याला थांबवलं. यादी बदलायची सूचना मला मिळाली आणि ती मी पाळली नाही, हेही लिहिलं. पाठवायच्या आधी दोनदा वाचलं. मॅनेजरला त्याची प्रत पाठवली. लपवाछपवी मला जमत नाही, आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

पुढचे पंधरा दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. सगळं ईमेलवर. तीन मीटरवर बसून मला लिहायचा, "कृपया कळवावे." मीही लिहायचे, "कळवले आहे."

मग रीजनल ऑफिसचा निकाल आला. वाचून मी पहिल्यापेक्षा जास्त संतापले. जपानच्या गिऱ्हाइकाला नवा ब्लॉक मिळणार होता, ते ठीक. पाकचिकना एक वर्षाचा करार मिळणार होता, तेही ठीक. पण कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते : मानवी चूक. माझं पत्र, दोन जोडपत्रं, सगळं त्या दोन शब्दांत बुडवलं होतं. आणि मॅनेजरने हा निकाल सगळ्यांसमोर असा वाचून दाखवला की जणू त्याने पाकचिकवर उपकारच केले. "झालं गेलं विसरून जाऊ. चला, सही करा पाकचिक."

पाकचिकनी हात पुसले. चष्मा लावला. निकालाचा कागद मागितला आणि उभ्यानेच वाचला.

"कुठला मानव?" त्यांनी विचारलं.

कोणी तरी हसलं. मॅनेजर म्हणाला, "अहो, ते तसंच लिहितात."

"इथे खाली मेकॅनिक म्हणून माझं नाव आहे. दुसऱ्या कोणाचं नाही. वाचणारा काय समजेल? छत्तीस वर्षं इंजिनांवर काम केलंय मी. हा कागद फाइलमध्ये राहणार आणि मी त्याच्याखाली सही करणार नाही."

"पण हा तर कराराचा कागद आहे. रिपोर्टचा संबंध काय?"

"करार रिपोर्टमुळे अडला होता. मग संबंध आहेच." त्यांनी कागद परत दिला आणि अर्धवट सोडलेल्या पंपाकडे गेले.

करार टेबलावर तसाच पडून राहिला. मॅनेजर तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "तुम्हीच सांगा त्यांना. तुमचं ऐकतात." मी म्हणाले, "ते बरोबर बोलतायत, मी काय सांगू?" मार्च अवघा आठ दिवसांवर होता. त्यानंतर पाकचिकना नोकरी नव्हती, आणि त्यांना ते माझ्याइतकंच माहीत होतं. तरी ते रोज आधी येत, पंप खोलत, जोडत. मला त्या शांतपणाचाही राग येत होता. मी असते तर आरडाओरडा केला असता.

मी पुन्हा लिहिलं. या वेळी पान नाही, एकच वाक्य : 'मानवी चूक' याऐवजी 'सर्व्हिस कोऑर्डिनेटरने बनवलेल्या व मॅनेजरने मंजूर केलेल्या यादीतली चूक, मेकॅनिकची चूक नाही' असं लिहावं, आणि तसं होत नसेल तर का होत नाही ते लेखी कळवावं. दर सकाळी नऊ वाजता तेच वाक्य तेच शीर्षक देऊन पाठवलं. पाच सकाळी पाठवलं. सहाव्या दिवशी दुरुस्त रिपोर्ट आला. त्यात 'सर्व्हिस कोऑर्डिनेटरने बनवलेल्या यादीतली चूक. मेकॅनिकची चूक नाही' असं होतं. मॅनेजरने मंजूर केलेल्या, हे शब्द गाळले होते. सोबत मला ताकीद देणारं पत्र होतं.

ताकीद माझी होती, ती मी घेतली. पण त्या यादीखाली दोन सह्या होत्या, आणि खालची सही करणाऱ्याला साधा ईमेलही गेला नाही. तो पुढे बढती घेऊन दुसऱ्या शाखेत गेला. कोणाकडेही हे बोलले की मला सांगतात, जाऊ दे ना आता. का जाऊ द्यायचं?

दुरुस्त रिपोर्टची प्रत घेऊन मी शेडमध्ये गेले. पाकचिकनी ती दोनदा वाचली. माझ्या पदाच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "हे तुम्हाला चालतंय?"

"खरं आहे ते."

"आणि साहेब?"

"साहेब नाहीत त्यात."

ते नाकातून हसले. मग म्हणाले, "मला याची एक कॉपी पाहिजे. घरी न्यायची आहे. बायकोला सांगून ठेवलं होतं की माझा दोष नाही. तिने विचारलं, कागद आहे का?"

मी कॉपी काढून आणली. त्यांनी ती चार घड्या करून शर्टच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं, आणि मग करारावर सही केली.