वारेनं ठेवून घेतलं

माझी बायको पारू गेल्यापासून मी सिद्धेश्वराच्या देवळात पाय ठेवला नव्हता. जन्मभर आम्ही जोडीनं जायचो. देवानं माझं माणूस नेलं, आता मी त्याचं तोंड बघत नाही, असं ठरवलं होतं. शाळा फार शिकलो नाही, जमेल तसं लिहितोय.

त्यात लेकीला, सुनंदाला, उशिरा दिवस गेले. ती गावातच, जुळे सोलापूर भागात राहते. वय वाढलेलं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी बाळाला पोसणाऱ्या वारेचा बारीक तुकडा सुईनं काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "वारेच्या काही पेशींत दोष दिसतोय." पुढं त्या बरंच बोलल्या, पण माझे नि सुनंदाचे कान तिथंच बंद झाले. आमच्यात वार म्हणजे बाळच. सुनंदा घरातच झाली, तेव्हा मी परसात खड्डा खणून, हळदकुंकू वाहून तिची वार पुरली होती. पारू आतून ओरडत होती, "खोल पुरा, कुत्र्यानं उकरलं तर लेकराला बाधंल!" मग वारेत दोष म्हणजे लेकरू गेलंच की.

सुनंदाची सासू म्हणाली, "मोकळं करून टाका." लेक भिंतीकडं तोंड करून पडली. "आप्पा, आई पायजे हुती," एवढंच बोलली. मलाही तीच पाहिजे होती.

बाहेर पडलो तर पाय सिद्धेश्वराच्या देवळाभोवतीच्या तळ्याकडं गेले. देवळात शिरलो नाही. पायरीवर बसून म्हणालो, "आता हेबी ने." मोठ्यानं बोललो असेन. शेजारी एक म्हातारी माशांना चुरमुरे टाकत होती. बोलण्यात तेलुगू हेल.

"कुणाला न्यायला सांगालाव, मामा?"

"लेकीच्या पोटातलं. खराब हाय म्हणं."

"बाळाला तपासले काय?"

"वार तपासली."

"मी बाळाचं इचारले!" ती चिडली. "देवाला कशाला तरास? आधी डॉक्टरला नीट इचारा की." उरलेले चुरमुरे माझ्या हातावर ठेवून ती निघून गेली.

सुनंदाला घेऊन परत डॉक्टरीणबाईंकडं गेलो. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "वार आणि बाळ एकाच बीजातून होतात, म्हणून वार तपासतो. बहुतेक वेळा ती खरंच सांगते. पण तुमच्या रिपोर्टात चांगल्या-वाईट पेशी मिसळल्यात. असा दोष कधी वारेपुरताच राहतो, कधी नाही. बाळाच्या स्वतःच्या पेशी त्याच्याभोवतीच्या पाण्यात असतात. ते गर्भजल तपासल्याशिवाय काही ठरवू नका."

ते थांबणं लई जड गेलं. मी रोज देवळात जायला लागलो, अगदी आत. मागायला तोंड उघडायचं नाही. डोळे मिटले की पारू शेजारी उभी आहे असं वाटायचं, आणि उघडावेसे वाटायचे नाहीत. तुझं तू बघ, एवढंच देवाला म्हणायचो.

पाण्याचा रिपोर्ट चांगला आला. नात झाली. अंगानं बारीक; वार कमजोर, म्हणून बाळ बारीक होईल, असं बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी नर्सला म्हणालो, "वार द्या, पुरायचीय." ती हसली, "आजोबा, आता देत न्हाईत तसं." मग वार ठेवलेल्या झाकल्या भांड्यालाच लांबून हात जोडले. वारेनं दोष स्वतःत ठेवून घेतला, लेकराला धक्का लागू दिला नाही.

पारूही तशीच होती. दुखणं कधी कळू दिलं नाही, तेच घेऊन गेली.

ती म्हातारी परत दिसली नाही. नातीला मांडीवर घेऊन पायरीवर बसतो, माशांना चुरमुरे टाकतो. शेजारची जागा रिकामीच असते. तिथंही मूठभर ठेवतो. सिद्धेश्वर महाराज, दिलंत ते घेतलं. नेलंत तिला सांभाळा.